हैदराबादचा टायफॉइड आणि जंतूंमधली देवाणघेवाण

पेट्रीडिश:

घरगुती काढ्यांच्या धाग्यावर परवा एकाने ठणकावून लिहिलं होतं, "मी कित्येक वर्षांत एकही अँटीबायोटिक घेतलेलं नाही, त्यामुळे माझ्या पोटातले जंतू रेझिस्टंट असायचा प्रश्नच येत नाही." तिथे उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं वेगळा धागाच काढू. मी एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे, दिवसभर कल्चर (नमुन्यातला जंतू वाढवून बघणं) आणि सेन्सिटिव्हिटी (त्याला कुठलं औषध लागू पडतं ते बघणं) यांचे रिपोर्ट. डॉक्टर नाही, त्यामुळे "मला ही गोळी चालेल का" असं विचारू नका प्लीज.

तर त्या वाक्यात गोम ही आहे की जंतूला रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देण्याची ताकद, मिळतो तो स्वतः औषधाचा मारा सोसूनच, असं धरून चाललंय. काही वेळा तसं होतंही. पण हॉस्पिटलात आमच्या तोंडचं पाणी पळवणारे जे जंतू आहेत त्यातल्या बऱ्याच जणांना तो आयता मिळालेला असतो, दुसऱ्या जंतूकडून, आणि तो दुसरा त्याच जातीचा असायला पाहिजे असंही नाही.

उदाहरण घेतो हैदराबादचं. आपलं चारमिनारवालं नाही, सिंधमधलं, पाकिस्तानात, कराचीच्या ईशान्येला. २०१६ च्या नोव्हेंबरपासून तिथे टायफॉइडचे असे पेशंट यायला लागले ज्यांना सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन लागूच पडेना. हे म्हणजे टायफॉइडसाठी शिरेतून द्यायचं भरवशाचं इंजेक्शन. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, को-ट्रायमॉक्साझोल ही जुनी औषधं आधीच निकामी, सिप्रोफ्लॉक्सासिनही गेलेलं, आणि आता हेही. हातात राहिलं तोंडाने घ्यायचं अझिथ्रोमायसिन आणि शिरेतून द्यायची मेरोपेनेमसारखी महागडी कार्बापेनेम. २०१८ च्या डिसेंबरपर्यंत पाच हजारांच्या वर असे पेशंट नोंदले गेले, बहुतेक कराची आणि हैदराबादचे, आणि काही तिथून प्रवास करून इंग्लंड-अमेरिकेत पोचलेले.

कराचीचं आगा खान विद्यापीठ आणि इंग्लंडची सँगर इन्स्टिट्यूट यांनी मिळून या जंतूचा अख्खा जीनोम वाचला आणि २०१८ मध्ये छापला. मला ते वाचायला फार आवडतं कारण एकाच जंतूत रेझिस्टन्सचे तीन वेगवेगळ्या काळातले थर दिसतात. सगळ्यात जुना थर म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉल-अँपिसिलिन-को-ट्रायमॉक्साझोल यांच्याविरुद्धची जनुकं. ती १९८० च्या दशकाच्या शेवटी प्लाझ्मिडवरून टायफॉइडच्या जंतूत आली आणि एच५८ नावाच्या घराण्यात पुढे कधीतरी तो सगळा तुकडा प्लाझ्मिडवरून उडी मारून थेट क्रोमोसोममध्ये जाऊन बसला, म्हणजे आता प्लाझ्मिड हरवला तरी हा जात नाही. दुसरा थर सिप्रोचा, ते मात्र म्युटेशन, जंतूच्या स्वतःच्या जायरेज नावाच्या एन्झाइमच्या जनुकात एका अक्षराचा बदल. आणि तिसरा, ताजा, एक नवाकोरा प्लाझ्मिड, साधारण ऐंशी हजार अक्षरांचा, ज्यावर सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन फोडणारं सीटीएक्स-एम-१५ आणि सिप्रोपासून आणखी थोडं संरक्षण देणारं क्यूएनआर-एस अशी दोन्ही जनुकं शेजारी शेजारी. आणि हा प्लाझ्मिड जुळला कशाशी, तर ई. कोलायमध्ये सापडणाऱ्या प्लाझ्मिडशी.

ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो. बहुतेक वेळा काही करत नाही, पडून असतो. त्याच्याकडे असा प्लाझ्मिड असेल तर त्या माणसाला काही होत नाही, ताप नाही, जुलाब नाही, त्याला पत्ताही नसतो. आणि अशा ई. कोलायच्या शेजारी टायफॉइडचा जंतू आला की पुढचं काम व्हायला एक संधी पुरते.

वेळ मिळेल तसं पुढे लिहितो. प्रश्न असतील तर विचारा.

रानजाई:

छान लिहिताय पण जरा इस्कटून सांगा की. प्लाझ्मिड म्हणजे नक्की काय? आणि "उडी मारून" म्हणजे काय, जनुक काय पाय असलेलं असतं का 😀 आम्ही बीकॉमवाले.

पेट्रीडिश:

@रानजाई, बीकॉमवाल्यांसाठीच लिहितोय, बायोवाले मला चुका काढतात.

जंतूचा मुख्य डीएनए म्हणजे क्रोमोसोम, टायफॉइडच्या जंतूचा साधारण ४८ लाख अक्षरांचा. त्याशिवाय बऱ्याच जंतूंत डीएनएची सुटी छोटी वर्तुळं असतात, जी स्वतःच्या प्रती स्वतः काढतात. हे प्लाझ्मिड. रोजच्या जगण्याला लागणारी जनुकं सहसा त्यांच्यावर नसतात, कधीतरी कामाला येणारी असतात. यातल्या काहींवर स्वतःला दुसऱ्या जंतूत पोचवायची सगळी यंत्रणाही लिहिलेली असते. असा प्लाझ्मिड ज्याच्याकडे आहे तो जंतू अंगावरून एक बारीक केसासारखी नळी बाहेर काढतो, शेजारच्याला पकडतो, दोघं चिकटतात, मग प्लाझ्मिडच्या एका ठरलेल्या जागी एका धाग्याला काप जातो आणि तो एक धागा सरकत सरकत शेजाऱ्यात जातो. दोन्हीकडे उरलेल्या एकेका धाग्यावरून दुसरा धागा भरून काढला जातो. म्हणजे देणाऱ्याचं काही कमी होत नाही, घेणाराही लगेच देणारा होतो. खरी मेख इथेच आहे. जंतूंमधला हा संयोग लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ मध्ये दाखवला, लेडरबर्ग तेव्हा एकवीस वर्षांचा पोरगा होता. प्लाझ्मिड हा शब्दही त्याचाच, १९५२ चा.

आता उडी. प्लाझ्मिड एका जंतूतून दुसऱ्यात जातो, पण जनुक प्लाझ्मिडवरून क्रोमोसोमवर किंवा या प्लाझ्मिडवरून त्या प्लाझ्मिडवर कसं जातं, तर ते ट्रान्सपोझॉनमुळे. डीएनएचा असा तुकडा ज्याच्या दोन्ही टोकांना ठराविक खुणेची अक्षरं असतात आणि पोटात एक एन्झाइम तयार करणारं जनुक असतं, ते एन्झाइम दोन्ही टोकं ओळखून तुकडा उचलतं आणि दुसरीकडे घुसवतं. मक्यामध्ये बार्बरा मॅक्लिंटॉक बाईंनी हे १९४० च्या दशकात पाहिलेलं, फार कोणी मनावर घेतलं नाही, नोबेल मिळालं १९८३ मध्ये. जंतूंमधल्या उड्या मारणाऱ्या रेझिस्टन्सच्या तुकड्यांना ट्रान्सपोझॉन हे नाव १९७४ मध्ये पडलं.

शंकेखोर:

हे सगळं ठीक पण ही जनुकं मुळात आली कुठून? कोणीतरी पहिला असेलच ना. लॅबमधून सुटलेलं वगैरे नाही ना?

पेट्रीडिश:

नाही हो. बरीचशी अँटीबायोटिक ही मुळात जमिनीतल्या बुरशा आणि जंतू यांनी बनवलेली रसायनं, आपण ती उचलली. जे बनवतात त्यांना स्वतःलाही त्यातून वाचावं लागतं आणि शेजाऱ्यांनाही, त्यामुळे तोडगे लाखो वर्षांपासून मातीत आहेतच. कॅनडात युकॉनच्या कायम गोठलेल्या जमिनीतून काढलेल्या ३०,००० वर्षांपूर्वीच्या डीएनएमध्ये पेनिसिलिनच्या गटाविरुद्धची, टेट्रासायक्लिनविरुद्धची, अगदी व्हँकोमायसिनविरुद्धची सुद्धा जनुकं सापडली, २०११ ची गोष्ट. तेव्हा ना मेडिकल स्टोअर ना एमआर.

पण त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते मरे यांच्या संग्रहाचं काम. मरे नावाच्या जंतुशास्त्रज्ञाने १९१७ पासून १९५४ पर्यंत जगभरचे आतड्यातले जंतू गोळा करून जपून ठेवले होते, म्हणजे बहुतेक अँटीबायोटिक बाजारात यायच्या आधीचे. नेओमी दत्ता आणि व्हिक्टोरिया ह्यूज यांनी ते १९८३ मध्ये तपासले. प्लाझ्मिड भरपूर होते, एका जंतूतून दुसऱ्यात जाणारे सुद्धा, फक्त त्यांच्यावर रेझिस्टन्सची जनुकं जवळपास नव्हतीच. म्हणजे वाहतूक आधीपासून चालू होती, माल आपण औषधं वापरायला लागल्यावर चढला.

तो माल कसा चढतो त्याचं सगळ्यात नीट समजलेलं उदाहरण हे वरचं सीटीएक्स-एमच आहे. ते जनुक मूळचं क्लुवेरा नावाच्या एका साध्या जंतूच्या क्रोमोसोमवरचं. हा माती-पाण्यात राहणारा, माणसाला क्वचित त्रास देणारा. तिथे ते गपगुमान होतं. त्याच्या अलीकडे एक उडी मारणारा छोटा तुकडा येऊन बसला, आयएसईसीपी-१ त्याचं नाव, आणि तो उडताना शेजारचं जनुकही सोबत घेऊन उडाला. वर या तुकड्याच्या टोकाला जनुक चालू करणारं जोरदार बटण असतं, त्यामुळे आधी मिणमिणतं चालणारं जनुक नव्या घरी धडाधड काम करायला लागलं. सीटीएक्स-एम-१५ हा प्रकार पहिल्यांदा नोंदवला गेला तो १९९९ मध्ये दिल्लीच्या हॉस्पिटलातून घेतलेल्या जंतूंमध्ये, आणि पुढे काही वर्षांत जगभर ई. कोलायमध्ये तोच सगळ्यात जास्त सापडायला लागला. आमच्या लॅबमध्ये रिपोर्टवर "ईएसबीएल पॉझिटिव्ह" लिहिलेलं असतं ना (ईएसबीएल म्हणजे सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनसारखी औषधं फोडणारं एन्झाइम), त्यामागे बहुतेक वेळा हे महाशय.

बोरूबहाद्दर:

दिल्लीचा विषय निघालाच आहे तर ते न्यू डेल्ही सुपरबग प्रकरण पण घ्या. मला अजून वाटतं की ते आपलं मेडिकल टूरिझम पाडायला केलेलं होतं. नाव द्यायचं तर स्वीडनचं द्या ना, पेशंट तिथे सापडला.

पेट्रीडिश:

@बोरूबहाद्दर, नावावरून झालेला राग मी समजू शकतो आणि लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय मासिकाच्या संपादकांनी नंतर त्याबद्दल माफीही मागितली. पण नाव बाजूला ठेवून बघू.

पेशंट स्वीडनचा, मूळ भारतीय, दिल्लीत हॉस्पिटलात राहून गेलेला, २००८ मध्ये त्याच्या लघवीत क्लेबसिएला नावाचा जंतू सापडला ज्याच्यावर कार्बापेनेम चालेनात. एनडीएम-१ नावाचं एन्झाइम (यातलं एनडी म्हणजे न्यू डेल्ही), जस्ताच्या मदतीने पेनिसिलिनच्या जवळपास अख्ख्या खानदानाला फोडणारं. २०१० च्या ऑगस्टमध्ये लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांच्या मासिकात भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या केसेसचा पेपर आला आणि टीव्हीवर रणकंदन झालं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे पाच महिने आधी, आपल्या मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी भारतीय फिजिशियन संघटनेच्या मासिकात छापलं होतं की २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात त्यांना मिळालेल्या अशा २४ जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ होतं. आपल्याच लोकांनी, आपल्याच मासिकात. त्यावर कोणी षडयंत्र म्हटलं नाही कारण कोणी वाचलंच नाही.

आणि खरा झटका २०११ चा. मध्य दिल्लीच्या १२ किलोमीटरच्या परिसरात रस्त्यावर साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याचे १७१ नमुने आणि नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासले. साचलेल्यातल्या ५१ मध्ये आणि नळाच्या २ मध्ये एनडीएम-१ चं जनुक मिळालं. हॉस्पिटलच्या बाहेर, रस्त्यावर. आणि ते क्लेबसिएला-ई. कोलायपुरतं नव्हतं, पटकी आणि आमांशाच्या जंतूंमध्ये सुद्धा निघालं. हे प्लाझ्मिड एका जंतूतून दुसऱ्यात जायचं प्रमाण ३० अंश तापमानाला ३७ पेक्षा जास्त होतं, आता ३० अंश म्हणजे आपल्याकडे वर्षातले किती महिने ते तुम्हीच मोजा.

सिस्टर_ठाणे:

आयसीयूत काम केलंय म्हणून सांगते, पेट्रीडिश म्हणतात ते खरंय, आमच्याकडे एका बेडवर क्लेबसिएला निघाला तर पुढच्या आठवड्यात पलीकडच्या बेडवर एंटरोबॅक्टर निघायचा तोच सेन्सिटिव्हिटी पॅटर्न घेऊन, आणि डॉक्टर म्हणायचे हा वेगळा जंतू आहे म्हणजे इन्फेक्शन कंट्रोलचा काही संबंध नाही. आता कळलं. सिंकचे पाइप, सक्शनच्या बाटल्या, युरीन बॅग रिकामी करताना उडणारे थेंब... हात धुवा हात धुवा म्हणून आम्ही ओरडतो ते उगाच नाही.

पेट्रीडिश:

सिस्टर, हे सोन्यासारखं निरीक्षण आहे. जंतू वेगळा पण प्लाझ्मिड तोच, याला आता प्लाझ्मिडची साथच म्हणतात. जुन्या पद्धतीने फक्त जंतूचं नाव बघत बसलं तर ती दिसतच नाही. आणि सिंकच्या पाइपातला तो बुळबुळीत थर तर या कामासाठी आदर्शच, सगळे एकमेकांना चिकटून, सतत ओलं, वरून अधूनमधून औषधांचे अंश.

शंकेखोर:

पण मग म्युटेशन, नैसर्गिक निवड हे सगळं पोरांना शिकवतात ते काय? माझ्या मुलीच्या पुस्तकात तर हेच आहे की काही जंतू योगायोगाने बदलतात, औषधाने बाकीचे मरतात, ते उरतात.

पेट्रीडिश:

ते बरोबर आहे, फक्त अर्धं आहे. आणि जगातल्या मोठमोठ्या लोकांनाही १९५० च्या दशकात तेवढंच पुरेसं वाटायचं. त्याला तडा गेला जपानमध्ये.

युद्धानंतर जपानमध्ये आमांशाने, म्हणजे शिगेला जंतूने, उच्छाद मांडला होता. आधी सल्फा दिलं, ते काही वर्षांत निकामी झालं. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल. १९५५ मध्ये हाँगकाँगहून परतलेल्या एका पेशंटमध्ये असा शिगेला मिळाला ज्याला चारही औषधं एकदम चालत नव्हती. म्युटेशनने हिशोब करून बघा. समजा एका औषधाविरुद्ध म्युटेशन व्हायची शक्यता दहा कोटीत एक, तर चारांविरुद्ध एकाच जंतूत, एकाच वेळी म्हणजे जवळजवळ अशक्यच. पण असे जंतू दरवर्षी वाढतच गेले. त्यात डॉक्टरांना अजून एक चमत्कारिक गोष्ट दिसली, एकाच पेशंटच्या शौचात चार औषधांना दाद न देणारा शिगेला आणि त्याच चार औषधांना दाद न देणारा ई. कोलाय, दोन्ही. १९५९ मध्ये ओचिआई आणि अकिबा यांच्या गटांनी वेगवेगळं दाखवलं की दोन्ही एकत्र वाढवले की चारही औषधांचा रेझिस्टन्स एका गठ्ठ्याने ई. कोलायकडून शिगेलाकडे जातो. सगळं जपानीत छापलेलं, त्यामुळे पश्चिमेत कोणाला पत्ता नाही. त्सुतोमू वातानाबे यांनी १९६३ मध्ये इंग्रजीत मोठा आढावा लिहिला तेव्हा कुठे खळबळ झाली. लंडनमध्ये वर उल्लेख आलेल्या नेओमी दत्तांनी साल्मोनेलात, म्हणजे टायफॉइडच्या जंतूच्या कुळात, हेच पाहिलं.

पाठ्यपुस्तकात म्युटेशनचं उदाहरण सोपं पडतं म्हणून तेच येतं, माझा त्याच्यावर राग आहे पण तो वेगळा धागा.

माईसाहेब_डोंबिवली:

अहो मग "कोर्स पूर्ण करा" हे सांगतात ते काय खोटं आहे का? माझ्या भाच्याला टीबी झालेला तेव्हा सहा महिने गोळ्या एक दिवस चुकवू दिल्या नाहीत डॉक्टरांनी.

पेट्रीडिश:

माई, टीबीच्या बाबतीत शंभर टक्के खरं, आणि कारण ऐकण्यासारखं आहे. टीबीचा जंतू ही देवाणघेवाण करतच नाही म्हटलं तरी चालेल, रेझिस्टन्सचे प्लाझ्मिड वगैरे त्याच्यात नाहीत. त्याचा सगळा रेझिस्टन्स त्याच्या स्वतःच्या क्रोमोसोममधल्या म्युटेशनचा, रिफॅम्पिसिनसाठी एका जनुकात, आयसोनियाझिडसाठी दुसऱ्यात. त्यामुळे तिथे औषधं एकत्र द्यायची आणि मध्येच सोडायची नाहीत हेच हत्यार आहे. भाच्याच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

ई. कोलाय-क्लेबसिएलाच्या जगात मात्र उलटी काळजीही आहे. तुम्ही घशासाठी घेतलेली गोळी आतड्यातल्या अब्जावधी जंतूंवरही पडते, आणि त्यातल्या ज्यांच्याकडे प्लाझ्मिड आहे त्यांचं फावतं. म्हणजे लागत नसताना एक दिवस घेणंही वाईट आणि लागत असताना सोडणंही वाईट. तुमच्यासाठी किती दिवस हे डॉक्टर ठरवतील, मी नाही.

आणि आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्स नावाच्या जंतूंत तर अजून गंमत आहे. त्यांच्यातल्या एका उड्या मारणाऱ्या तुकड्याला टेट्रासायक्लिन हा इशाराच वाटतो, औषध दिसलं की त्याचं दुसऱ्या जंतूत जाण्याचं प्रमाण शंभर ते हजार पटीने वाढतं. औषधच गाडीला हिरवा झेंडा दाखवतं.

गोठ्यातला डॉक्टर:

सांगली साइडला जनावरांचा डॉक्टर आहे, उशिरा आलो. माणसांच्या डॉक्टरांनी आमच्याकडे बोट दाखवायच्या आत मीच सांगतो. कोलिस्टिन. माणसात ते शेवटचं औषध, किडनीला जड म्हणून फार कोणी वापरत नव्हतं, त्यामुळे बऱ्याच देशांत ते पोल्ट्री आणि डुकरांच्या खाद्यात खुशाल घालत होते, वजन वाढावं म्हणून, आपल्याकडेही. सगळे म्हणायचे कोलिस्टिनचा रेझिस्टन्स म्युटेशननेच येतो, तो पसरत नाही, काळजी नको. २०१५ च्या नोव्हेंबरात चीनमधून पेपर आला की एका डुकरातल्या ई. कोलायमध्ये प्लाझ्मिडवर बसलेलं एमसीआर-१ जनुक सापडलं. तपासलेल्या जनावरांत २१ टक्के, कच्च्या मांसात १५ टक्के, पेशंटमध्ये १ टक्का. हा उतार बघा, कुठून कुठे चाललंय ते लगेच कळतं. त्यानंतर महिन्याभरातच जगभरातल्या लोकांनी फ्रीजरमधले जुने जंतू काढून तपासले तर सगळीकडे निघालं.

चीनने २०१७ मध्ये खाद्यातलं कोलिस्टिन बंद केलं, आपल्याकडे २०१९ च्या जुलैत अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत वापर आणि विक्री बंद झाली. चीनमध्ये बंदीनंतर प्रमाण घटलं असं दिसलंय. बाकी गोठ्यात अजून काय चालतं ते विचारू नका, कास सुजली की दुकानातून ट्यूब आणायची, दोन दिवस भरायची, दूध डेअरीला घालायचं, आम्हाला फोन करायचा तिसऱ्या दिवशी.

रानजाई:

@गोठ्यातला डॉक्टर, म्हणजे वापर बंद केला की प्रमाण कमी होतं. मग प्रश्न सुटला की! बंद करून टाका सगळं थोडे दिवस.

पेट्रीडिश:

इतकं सरळ असतं तर. कोलिस्टिनच्या बाबतीत नशीब, कारण ते जनुक जंतूला बरंच महाग पडतं. ब्रिटनमधली गोष्ट ऐका. सल्फा औषधांच्या चिठ्ठ्या १९९० च्या दशकात वर्षाला सुमारे ३,२०,००० वरून ७,००० वर आल्या, म्हणजे वापर जवळपास बंदच. लंडनच्या एका हॉस्पिटलात त्या आधी आणि नंतरचे ई. कोलाय तपासले. १९९१ मध्ये ३९.७ टक्के सल्फाला दाद देत नव्हते. १९९९ मध्ये ४६ टक्के. वापर बंद आणि रेझिस्टन्स वर!

कारण सल्फाचं जनुक एकटं राहत नाही. ते बऱ्याचदा इंटिग्रॉन नावाच्या रचनेत असतं, जिथे एकामागे एक जनुकं येऊन जोडली जातात आणि सगळ्यांना चालवणारं बटण एकच. त्याच तुकड्यावर स्ट्रेप्टोमायसिनचं, ट्रायमेथोप्रिमचं, शिवाय फरशी पुसायच्या काही जंतुनाशकांविरुद्धचं सुद्धा. त्यातलं कुठलंही एक वापरलंत की सगळा गठ्ठा टिकतो.

रानजाई:

अच्छा! रेशनकार्ड एकाच्या नावावर, धान्य सगळ्या घराला 😀

पेट्रीडिश:

नेमकं! याहून चांगलं मला सुचलं नसतं. आणि कार्ड हरवूही नये अशी सोय आहे. बऱ्याच प्लाझ्मिडवर एक विष आणि त्याचा उतारा अशी जोडी लिहिलेली असते, विष टिकाऊ, उतारा पटकन विरघळणारा. जंतू दोन होताना एखाद्या पिल्लाला प्लाझ्मिड मिळाला नाही तर त्याच्यात आधीचं विष उरतं, उतारा संपतो, ते मरतं. त्यामुळे औषध बंद असतानाही प्लाझ्मिड सहजी सुटत नाही.

डेट्रॉइटकर:

इकडे आमच्या मिशिगनचं एक प्रकरण आहे ना, स्टॅफचं? बायको डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे, ट्रेनिंगमध्ये दरवर्षी सांगतात म्हणते.

पेट्रीडिश:

हो, आणि पुराव्याच्या दृष्टीने त्याच्याइतकं स्वच्छ प्रकरण दुसरं नाही. २००२ चा जून, डायलिसिसवरचा मधुमेही पेशंट, पायाला जखम, आधी बराच व्हँकोमायसिन दिलेला. त्याच्यात व्हँकोमायसिनला अजिबात दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस सापडला, जगातला पहिला. त्याच जखमेत एंटरोकोकस नावाचा जंतू पण होता, त्याच्याकडे व्हँकोमायसिनविरुद्धची जनुकं एका ट्रान्सपोझॉनवर, तो प्लाझ्मिडवर. स्टॅफमध्ये गेल्यावर ट्रान्सपोझॉनने आधीचं वाहन सोडलं आणि स्टॅफच्या स्वतःच्या प्लाझ्मिडवर उडी मारली. दोन जंतू, दोन वेगळ्या जाती, एक जखम, दोन्ही हातात सापडलेले. एंटरोकोकसमध्ये ही जनुकं युरोपात १९८० च्या दशकाच्या शेवटी दिसली आणि कोंबड्या-डुकरांच्या खाद्यातल्या अव्होपार्सिन नावाच्या भावंड औषधाशी त्यांचा संबंध लागला, डेन्मार्कने १९९५ मध्ये ते बंद केलं, युरोपियन युनियनने १९९७ मध्ये. गोठ्यातले डॉक्टर, तुमचंच खातं.

सुदैवाने असा स्टॅफ पुढे फारसा पसरला नाही, अमेरिकेत नंतर डझनभराच्या आसपास केसेस झाल्या, त्यातल्या बऱ्याच मिशिगनमध्येच. गेलेलं प्रत्येक जनुक टिकतंच असं नाही. टायफॉइडच्या प्लाझ्मिडचं वाईट हे की तो टिकला.

बोरूबहाद्दर:

मान्य, नावाचा विषय सोडतो. पण मग उपाय काय, तुमच्या टायफॉइडवर? सगळ्या गटारी बंद करणार?

पेट्रीडिश:

बंद नाही, वेगळ्या. मैला आणि पिण्याचं पाणी भेटायला नको एवढंच, टायफॉइड माणसाशिवाय दुसऱ्या कोणात राहत नाही, तो फिरतो तो मैल्यावाटेच. ते होईपर्यंत लस. सिंधमधल्या हैदराबादमध्ये २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस दिली आणि २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाकिस्तानने ती नेहमीच्या लसीकरणात घ्यायला सुरुवात केली, असं करणारा जगातला पहिला देश. लस कुठली माहितीये? भारत बायोटेकची. या हैदराबादची लस त्या हैदराबादला. जो जंतू आलाच नाही त्याला कोणाकडून प्लाझ्मिड घ्यायची वेळच येत नाही, आणि तापासाठी वाटल्या जाणाऱ्या गोळ्याही कमी होतात. आपल्याकडे नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्येच ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांसाठी हीच मोहीम काढली होती, याचं कौतुक फार कमी झालं.

माईसाहेब_डोंबिवली:

नातीला द्यायची का मग? तीन वर्षांची आहे. आणि आमच्या सोसायटीत दर पावसाळ्यात दोघातिघांची विडाल पॉझिटिव्ह येते आणि लगेच इंजेक्शनं सुरू होतात, ते बरोबर आहे का?

पेट्रीडिश:

नातीचं तिच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा, एका डोसची लस आहे, खासगीत सहज मिळते.

विडालचं मात्र मी बोलू शकतो कारण ती आमच्याकडेच येते. ती जंतू शोधत नाही, रक्तातल्या अँटिबॉडी बघते, आणि आपल्याकडे पूर्वी कधीतरी संपर्क आलेला असतोच, त्यामुळे एकदाच केलेल्या विडालवरून टायफॉइड आहे म्हणणं कठीण. डॉक्टरांना टायफॉइडची शंका असेल तर पहिला डोस जायच्या आधी ब्लड कल्चर काढता येईल का एवढं विचारा. मोठ्या माणसाचं एका बाटलीत आठ-दहा मिली रक्त लागतं, मुलांचं कमी. आमच्याकडे बऱ्याचदा येतं दोन मिली, तेही तीन दिवस इंजेक्शन चालू झाल्यावर, मग काही उगवत नाही आणि जंतूकडे कुठला प्लाझ्मिड होता ते कोणालाच कळत नाही.